अँबॅसिडरची खोड

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या रविवारी, राजुरीत आमच्या ओट्यावर, माझी जुनी अँबॅसिडर शहाण्णव हजार रुपयांना ठरली. हजर माणसे चार: मी, माझी बायको सुनंदा, गाडी घ्यायला आलेले पारगावचे मंडपवाले कैलासराव आणि मध्यस्थ म्हणून धोंडीभाऊ. तासाभरात सौदा एक्याऐंशी हजारांवर आला. कैलासरावांनी घासाघीस केली म्हणून नव्हे. विसाराचे पैसे हातात पडायच्या आधी आमच्याच मध्यस्थाने गाडीची एक खोड सांगितली म्हणून. त्यात माझे पंधरा हजार गेले. धोंडीभाऊंचे त्याहून जास्त जाण्यासारखे होते. बैलांच्या दलालीत उभे आयुष्य घालून त्यांनी एकच भांडवल जमवले होते, ते म्हणजे धोंडीभाऊ खोड लपवत नाही हे नाव. त्या सकाळी ते नाव त्यांनी आपणहून आमच्या पुढ्यात ठेवले.

धोंडीभाऊ या पौषात गेले. म्हणून हे लिहीत आहे.

मी पतसंस्थेत हिशेबाला आहे. माणसाचे वर्णन करायची मला सवय नाही, पण धोंडीभाऊंचे करणे अवघड नाही, कारण ते वर्षानुवर्षे तसेच दिसत. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, हातात वेताची काठी आणि खांद्यावर उपरणे. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा उपरणे खांद्यावरून उतरत नसे, कारण ते त्यांचे हत्यार होते. बेल्ह्याच्या बैलबाजारात सौदा तोंडाने होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटे दाबून भाव सांगतात. बाजूला उभ्या असलेल्या दहा माणसांना काही कळत नाही. धोंडीभाऊंना याची इतकी सवय झाली होती की मोबाइल आल्यावर फोनवरही ते रक्कम उच्चारत नसत. फोन कानाला, दुसऱ्या हाताची बोटे हवेत, आणि तोंडाने, "एवढ्याला देतो बघा." पलीकडचा विचारी, "केवढ्याला?" की हे चिडून म्हणत, "अरं, एवढ्याला."

नव्या माणसाच्या तोंडाकडे ते आधी बघत नसत, पायांकडे बघत. सुनंदाने एकदा कारण विचारले. म्हणाले, "सूनबाई, तोंड समदी धुऊन येत्यात."

त्यांच्या धंद्याचा एक नियम होता आणि तो ते देवाच्या नेमासारखा पाळत. भाव ठरला की गिऱ्हाईक विसार काढते. तो विसार विकणाऱ्याच्या हातात पडायच्या आत दलालाने जनावराची खोड सांगायची. मारका असेल तर मारका, जुवाखाली बसत असेल तर बसतो, उजवीकडे ओढत असेल तर तसे. सांगून झाल्यावर गिऱ्हाइकाने भाव खाली केला तर करू द्यायचा. विसार दिल्यावर मात्र गिऱ्हाइकाने भावावर तोंड उघडायचे नाही. आणि न सांगितलेली खोड मागून निघाली, तर दलालाने आपली दलाली परत करायची. हा नियम बाजारात सगळ्यांना ठाऊक होता. पाळणारे किती होते ते मला माहीत नाही.

धोंडीभाऊ तो पाळत याची एक गोष्ट आमच्याकडे सगळे सांगतात. आहुप्याच्या एका भातशेतीवाल्याला त्यांनी एक बैल घेऊन दिला होता. पुढे महिन्याभराने बैलाच्या जुन्या मालकाच्या गड्याने बाजारात हसत हसत सांगितले की तो बैल चिखलात पाय फसला की बसून घेतो. आहुप्याला भात म्हणजे सगळा चिखलच. धोंडीभाऊ दुसऱ्या दिवशी एसटीने घोडेगावला गेले, तिथून मिळेल त्या गाडीने आणि शेवटी पायी, आणि त्या शेतकऱ्याच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "बैल बसका निघाला. मला ठावं नव्हतं. पैसे मागं घ्या, बैल मी नेतो." शेतकऱ्याने त्यांना आधी भाकरी खाऊ घातली. मग म्हणाला, "बसतोय खरा. पन जरा येळानं उठतोय बी. आमी बी बसतो मंग बांधावर. राहू द्या, पावणं." धोंडीभाऊंनी दलाली तरी परत केलीच. ही गोष्ट ते स्वतः सांगत तेव्हा शेतकऱ्याच्या भाकरीचे कौतुक जास्त असे आणि दलालीचा उल्लेख शेवटी, जाता जाता.

हा नियम ते बाजाराबाहेरही लावत, तेव्हा मात्र पंचाईत होई. माझ्या धाकट्या भावाचे लग्न ठरवायला आम्ही मंचरला गेलो होतो. वडीलधारे म्हणून धोंडीभाऊंना बरोबर नेले. सगळे जुळले, पेढे आणायला माणूस निघाला, तेवढ्यात धोंडीभाऊंनी घसा साफ केला. "पोरगं निर्व्यसनी हाये, कामाला वाघ हाये. पन चिडकं हाये. भूक लागली का ताट ढकलतंय. आत्ताच सांगतो, मागनं म्हनू नका." माझा भाऊ लाल झाला. मुलीची आई आतून म्हणाली, "आमची बी येळेवर जेवायला वाढत न्हाई. हे बी लिहून घ्या." लग्न झाले. भाऊ अजून ताट ढकलतो आणि भावजय अजून उशिरा वाढते.

आता गाडीकडे येतो.

अँबॅसिडर माझी पहिली गाडी. चोवीस वर्षांपूर्वी मी ती जुन्नरच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. नवी घेण्याची ऐपत नव्हती आणि वडिलांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यावे लागे. मला गाडीतले काही कळत नव्हते. धोंडीभाऊंनाही नव्हते, पण वडील म्हणाले, "धोंडीला ने. वस्तू कोणतीबी असो, सौदा त्याला कळतो." धोंडीभाऊ त्या दिवशी नवी टोपी घालून आले. तोवर बैल, गाय, फार तर एखादा घोडा एवढेच त्यांनी विकून दिले होते. मोटारीसाठी बोलावणे हा त्यांच्या मते मान होता.

डॉक्टरांच्या अंगणात त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. टायरच्या खाचांत बोट घातले, जसे बैलाचे दात बघतात तसे. इंजिन चालू करायला लावून बॉनेटवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. "छाती चांगलीय," म्हणाले. डॉक्टर हसू दाबत होते. मग धोंडीभाऊ म्हणाले, "रिकामी काय बी पळंल. ओझं घालून दावा." शेवटी गाडीत सहा माणसे आणि डिकीत कांद्याच्या दोन गोण्या भरून आम्ही आणे गावाच्या घाटात गेलो. गाडी चढली. वर गेल्यावर धोंडीभाऊ उतरले, पुढच्या डाव्या चाकाजवळ वाकले आणि बराच वेळ तिथेच राहिले. डॉक्टरांचा ड्रायव्हर त्यांच्याशी काहीतरी बोलत होता. मी दरीकडे बघत उभा होतो. माझ्या डोक्यात गाडी घेऊन झाली होती.

व्यवहार पूर्ण झाला. त्या वेळी त्यांनी खोडी सांगितल्या त्या दोन. मागचे एक दार आतून उघडत नाही आणि थंडीत पहिला गिअर अडतो. दोन्ही खऱ्या होत्या आणि शेवटपर्यंत राहिल्या.

त्या गाडीने आम्हाला चोवीस वर्षे दिली. वडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या तिने केल्या, दोन्ही मुले दवाखान्यातून घरी तिच्यातून आली, आळीतल्या पाच-सहा नवरदेवांच्या वराती तिने काढल्या. खर्चाचा मी बारकाईने विचार करणारा माणूस आहे आणि मला एकच गोष्ट कळत नसे. पुढचा डावा टायर उजव्यापेक्षा लवकर झिजे. नारायणगावला दोन वेळा चाके सरळ करून घेतली, तरी तेच. गॅरेजवाला म्हणे, "जुनी गाडी हाये, राव. माणसाची बी एक चप्पल आधी झिजती."

धोंडीभाऊ आमच्याकडे आले की आधी गाडीपाशी थांबत. काठीने पुढच्या डाव्या चाकावर दोनदा टकटक करत, वाकून बघत आणि मग ओट्यावर येत. "टायर बदला, अशोकराव," हे वर्षातून एकदा तरी म्हणत. मी बदलत असे. जनावराचा खूर बघायची सवय असेल, असे मला वाटे.

मधल्या काळात त्यांचा धंदा गेला. शेतीत ट्रॅक्टर आले. बैलगाड्यांच्या शर्यती बंद होत्या तेव्हा बाजारात बैल दिसेनासे झाले. शर्यती परत सुरू झाल्या तेव्हा बैलांचे भाव लाखांत गेले, पण सौदे मोबाइलवर होऊ लागले. बैल पळतानाचे चित्रण पाठवायचे आणि पैसेही फोनवरूनच. धोंडीभाऊंना कोणी विचारेना. "इडिओत खोड दिसती व्हय?" एवढेच ते म्हणत. तरी दर बाजारी उपरणे टाकून बेल्ह्याला जात आणि संध्याकाळी रिकामे परत येत.

गेल्या वर्षी गाडी विकायचे ठरले त्याची कारणे साधी होती. गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यायची वेळ आली होती, मुलाने चाकणला नोकरी लागल्यावर लहान गाडी घेतली होती आणि आमच्या वरच्या खोलीचा स्लॅब गळत होता. त्याच्या दुरुस्तीचा अंदाज नव्वद हजारांचा होता. पारगावचे कैलासराव मंडप आणि लग्नाची सजावट करतात. हल्ली नवरदेवाला जुनी गाडी लागते, म्हणून त्यांनी निरोप पाठवला. मला मध्यस्थाची गरज नव्हती. सुनंदा म्हणाली, "धोंडीभाऊंना बोलवा. घेताना होते, विकताना नको का? आणि त्यांना कोण बोलावतं आता?" मी बोलावले. ऐकल्यावर त्यांनी खांद्यावरचे उपरणे नीट केले. मला वाटले आनंद झाला असेल. मग म्हणाले, "येतो. पन नियमानं व्हईल बगा." मी म्हटले, नियमानेच होऊ द्या.

रविवारी ते आले ते चाकावर टकटक न करता सरळ ओट्यावर येऊन बसले. कैलासराव जाड, हसरे, घाईतले गृहस्थ. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, आरशात स्वतःचा फेटा बांधल्यासारखे करून बघितले आणि म्हणाले, "पांढरा रंग मारला का लई उठून दिसंल." धोंडीभाऊंनी उपरणे पुढे केले. कैलासरावांनी ते घाम पुसायला दिले असे समजून तोंड पुसले.

"हात द्या, हात," धोंडीभाऊ म्हणाले.

"भाऊ, ते बोटांचं मला येत न्हाई. तोंडानं बोला की."

"तोंडानं बोल्लं का शेजारी येतंय भाव सांगाया."

"इथं कोन शेजारी? वहिनीच हायेत."

भाव शेवटी तोंडानेच झाला. मी एक लाख दहा म्हटले, कैलासराव ऐंशी. धोंडीभाऊ दोघांकडे आळीपाळीने बघत होते, बोटे सवयीने उपरण्याखाली हलत होती. शहाण्णववर दोघांनी मान हलवली. कैलासरावांनी खिशातून विसाराचे पाच हजार काढले. सुनंदा चहाला उठली.

"थांबा," धोंडीभाऊ म्हणाले. "सूनबाई, तुमी बी बसा."

त्यांनी खोडी सांगायला सुरुवात केली. मागचे दार. थंडीतला गिअर. पावसात काच पुसणारा दांडा मधेच थांबतो. कैलासराव प्रत्येकाला "चालतंय, चालतंय" म्हणत होते आणि पाच हजार माझ्याकडे करत होते. मीही हात पुढे केला होता. धोंडीभाऊंनी काठी आमच्या दोघांच्या हातांमध्ये आडवी धरली.

"अजून एक हाये. ही अशोकरावला बी ठावं न्हाई. पुढून डाव्या अंगाला चासी, म्हंजी गाडीचा कणाच, तुटल्याली हाये. डॉक्टरकडं व्हती तवा गाडी वड्यावरच्या मोरीवर आदळली व्हती. वेल्डिंग मारल्यालं हाये. वरनं रंग दिलाय म्हनून दिसत न्हाई."

मला आधी टायर आठवला. चोवीस वर्षांतले सगळे टायर आठवले. "तुम्हाला कधी कळलं?" मी विचारले.

"घाटात. डायवरनं सांगितलं."

"म्हणजे घेण्याच्या आधी."

"आधी."

कैलासराव एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. सुनंदा उभीच होती. ती सहसा मोठ्या माणसांशी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. "त्या गाडीत मी माझी मुलं बसवली," ती म्हणाली.

"दर खेपंला मी चाक बघत व्हतो, सूनबाई."

"चाक बघून काय होतं?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले. डोके अगदी लहान वाटत होते.

"का सांगितलं नाही?" मी विचारले.

"सांगितलं असतं तर तुमी घेतली नसती. माझी पयली मोटार व्हती. समद्या बाजारात मी सांगून बसलो व्हतो का धोंडी आता मोटारीचा सौदा करतोय." मग म्हणाले, "आन् लोखंड हाये, जनावर न्हाई, आसं मनाला सांगितलं. दोन-चार साल त्येच सांगितलं. मंग सांगायचं कसं, त्येच कळंना."

"आज का सांगितलं मग? आज गप्प बसला असतात तर कोणाला कळलं असतं?" हे मी रागाने विचारले नाही. मला खरेच जाणून घ्यायचे होते.

"ह्या पावण्याला बी फसवायचं का? एकदा झालं ते झालं. दोनदा केलं का मंग तो धंदाच झाला."

कैलासराव व्यवहारी माणूस. त्यांनी गाडीखाली वाकून बघितले, नखाने रंग खरवडला आणि उठून हात झटकले. "वरात चालती माणसाच्या चालीनं. त्येला चासीचं काय एवढं? पन आता ऐकलंय तर शहाण्णव कसं देऊ? एक्याऐंशी. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, मी काय रागावनार न्हाई."

मी सुनंदाकडे बघितले. नव्वदचा स्लॅब तिच्याही डोक्यात असणार. ती म्हणाली, "द्या. आता ती दारात नको." मी मान हलवली. धोंडीभाऊंनी काठी बाजूला घेतली आणि विसार माझ्या हातात पडला. राहिलेले शहात्तर हजार कैलासरावांनी तिथेच मोजून दिले. मी कागदांवर सह्या केल्या, किल्ल्या दिल्या. त्यांनी गाडी सुरू केली. धोंडीभाऊ उठून फाटकापर्यंत गेले आणि त्यांना सांगू लागले, "डावीकडं वढती. ढील देऊ नका. पयला गिअर हळू." कैलासराव म्हणाले, "भाऊ, ही गोष्ट पारगावात सांगू का नको?"

"सांगा," धोंडीभाऊ म्हणाले. "मी न्हाई सांगितली तर तुमी सांगनारच. निदान बरूबर सांगा."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. धोंडीभाऊ परत येऊन ओट्याच्या पायरीवर उभे राहिले, वर आले नाहीत. "माझी दलाली," म्हणाले.

खरे सांगायचे तर मला ते ऐकून धक्का बसला. ठरल्याप्रमाणे माझ्याकडून दोन हजार होते. मी ते मोजून दिले. त्यांनी पुन्हा मोजले आणि वरच्या खिशात ठेवले. मग उपरण्याचे टोक पुढे ओढले. त्याला गाठ होती. गाठ जुन्या माणसाची, घट्ट मारलेली. ती सोडायला त्यांना वेळ लागला. आत घडी घातलेल्या पाचशेच्या दोन नोटा होत्या. म्हणजे घरून निघतानाच त्यांनी त्या बांधून आणल्या होत्या.

"गाडी घेतली तवाची दलाली," म्हणाले. "हजार घेतली व्हती तुमच्याकडनं."

माझा स्वभाव हिशेबाचा. मी म्हटले, "भाऊ, मग एवढं कशाला? दोनातून एक वजा करू. हजार मला परत द्या, झालं."

"तुमच्या पतसंस्थेत करा तसं. त्ये येगळं, ह्ये येगळं. आजची मी कमावली. तवाची माझी न्हाई."

मी हात मागे घेतला. मला ते घ्यायचे नव्हते. म्हातारा माणूस, धंदा बुडालेला, आणि मला त्या हजाराने काय होणार होते? पण सुनंदा पुढे आली. तिने माझ्याकडे बघितले नाही. धोंडीभाऊंनीही हात माझ्याकडून तिच्याकडे वळवला.

सुनंदाने दोन्ही नोटा घेतल्या, उलगडल्या, उजेडाला धरून बघितल्या. "बरोबर आहेत," ती म्हणाली.

धोंडीभाऊंनी टोपी घातली, काठी उचलली आणि मळ्याच्या वाटेने घरी गेले. मंडपवाल्यांकडून मला एक्याऐंशी हजार आले. त्यातले दोन हजार धोंडीभाऊंना दिले. धोंडीभाऊंनी एक हजार दिले, ते सुनंदाला.